किती टक्क्यावर बंद पडलं, ते आधी सांगा

लग्नसराईत मला आठवड्याला दोन-तीन तरी फोन येतात. पलीकडं सेलूचा, पाथरीचा नाहीतर जिंतूरचा कुणीतरी शूटिंगवाला असतो, आमच्या ह्यांच्या ओळखीतला. "वहिनी, कन्व्हर्टला लावलंय, पण अर्ध्यातच बंद पडायलंय बघा." मी विचारते, किती टक्क्यावर? "असंच, मधीच." मधीच म्हणजे किती? दर वेळी तिथंच, का वेगवेगळ्या जागी? मग पलीकडं गप्प. थोड्या वेळानं हळूच, "विंडोज फॉरमॅट मारून बघू का?"

नका मारू. निदान आज तरी नका.

आमचा स्टुडिओ मानवतला आहे. हे शूटिंगला जातात. कार्ड घरात आलं की मिक्सिंग, कन्व्हर्ट (म्हणजे व्हिडिओची मोठी फाइल दाबून टीव्ही-मोबाइलवर चालेल अशी करणं), पेनड्राइव्ह हे सगळं माझ्याकडं. लोक अजून त्याला कॅसेटच म्हणतात, "लग्नाची कॅसेट कधी देता?" माझं शिक्षण बीए आणि वरून एमएस-सीआयटी. बाकी जे काही येतं ते रात्री दोनला बंद पडलेल्या मशीनपुढं बसून आलेलं आहे. मी हँडब्रेक नावाचा कन्व्हर्टर वापरते. फुकट आहे, २००३ पासून चालू आहे आणि कुठं पाणी मुरतंय ते त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, बऱ्यापैकी कळतं. तुमच्याकडं दुसरा कन्व्हर्टर असला तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

प्रोग्रॅम काढून परत टाकण्याआधी, ड्रायव्हर बदलण्याआधी, तीच फाइल त्याच सेटिंगवर, काही म्हणजे काही न बदलता आणखी दोनदा लावा. तिन्ही वेळा कुठं थांबली आणि कशी थांबली ते लिहून ठेवा. माझ्याकडं त्यासाठी पोरीची अर्धी उरलेली शंभरपानी वही आहे. एका ओळीत तारीख, फाइलचं नाव, टक्का, घड्याळातली वेळ आणि नेमकं काय झालं ते. प्रोग्रॅमची खिडकी गायब झाली, का टक्का गोठून बसला, का अख्खा कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला? ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण फोनवर सगळ्यांना "बंद पडलं" हाच एक शब्द असतो.

यात एक रात्र जाते, मान्य आहे. पण उगाच फॉरमॅट मारण्यात दोन दिवस जातात आणि वर जुने फॉन्ट शोधत बसावं लागतं ते वेगळंच.

तीन ओळी समोर आल्या की दिशा कळते. तिन्ही वेळा ६१ टक्के असेल तर खोट फाइलीत आहे. एकदा १८, एकदा ७४, एकदा ४० असेल तर फाइलीला दोष देऊ नका, मशीन बघा. ९९ वर येऊन जीव सोडत असेल तर आधी डिस्कवरची जागा बघा. एक फसवा प्रकार आहे, तो शेवटी सांगते.

एकाच जागी अडतंय

मागं एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचं काम होतं. सात दिवस रोज रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि आठव्या दिवशी सकाळी काल्याचं. पहिली सात कीर्तनं सुरळीत निघाली. काल्याचं ६१ टक्क्यावर मेलं. परत लावलं, ६१. तिसऱ्यांदा, ६१.

फाइल होती २ तास १० मिनिटांची. १३० मिनिटांचे ६१ टक्के म्हणजे साधारण ७९ मिनिटं. (हा हिशेब एकाच पासमध्ये, म्हणजे एकाच फेरीत, कन्व्हर्ट करत असाल तरच. दोन पास लावले असतील तर दोन्हींचा टक्का वेगवेगळा दिसतो, ते आधी बघून घ्या.) व्हीएलसी प्लेअरमध्ये १ तास १८ मिनिटांवर जाऊन डोळे लावून बसले. १९ मिनिटं उलटली आणि महाराजांच्या फेट्याचे हिरवे-गुलाबी चौकोन झाले, आवाज खर्रकन तुटला, आणि दुसऱ्या क्षणी टाळकरी परत ठेक्यात. डुलकी लागली असती तर कळलंही नसतं.

इथं दोन गोष्टी ध्यानात घ्या. व्हीएलसीत फाइल शेवटपर्यंत चालली म्हणजे ती चांगली आहे असं नाही. व्हीएलसी सोशीक आहे, खराब तुकडा गिळून पुढं जातो. कन्व्हर्टर कधी गिळतो, कधी त्याच्याच घशात अडकतं. दुसरं म्हणजे, हा चालत नाही म्हणून तो, तो चालत नाही म्हणून तिसरा असे कन्व्हर्टर बदलत बसू नका. बाजारातल्या बऱ्याच कन्व्हर्टरच्या पोटात एफएफएमपेग हे व्हिडिओ वाचायचं-दाबायचं एकच इंजिन असतं. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसानं २००० साली सुरू केलेलं ते काम आहे, आणि हँडब्रेकसुद्धा फाइल वाचायला त्याचंच घेतं. वरचं झाकण बदललं तरी चूल तीच, मग भाकरी तिथंच करपणार.

खात्री करायला पूर्ण फाइल परत लावायची गरज नाही. हँडब्रेकमध्ये वर रेंज म्हणून जागा असते, तिथं चॅप्टरच्या ऐवजी सेकंद निवडा. मी ४६८० ते ४८०० टाकलं, म्हणजे ७८व्या मिनिटापासून ८०व्यापर्यंत. दोन मिनिटांचा तुकडा. लावला की लगेच मेला. आधीचा दोन मिनिटांचा तुकडा लावला, तो निघाला. चोर घरातच सापडला.

आता खोट कार्डातच आहे, का कॉपी करताना लागली? हे कळायला कार्ड हवं, आणि कार्ड घेऊन हे पाथरीला लग्नात गेलेले. मी फोन लावला तेव्हा मागं बँड वाजत होता. "ते दोन नंबरचं कार्ड फॉरमॅट मारू नका!" "काय?" "कार्ड! दोन नंबरचं! मारू नका!" नशीब, त्यांनी पहिल्या कार्डावरच काम भागवलं होतं. रात्री कार्ड आलं. या वेळी कार्ड रीडर कॅबिनेटच्या मागच्या यूएसबीला लावला आणि परत कॉपी केली. दोन्ही फाइलींचा आकार प्रॉपर्टीजमध्ये बघितला तर बाइटपर्यंत सारखा. तरी नवी कॉपी ६१ वरून सरळ पुढं गेली आणि पूर्ण निघाली. भाच्यानं पहिली कॉपी पुढच्या ढिल्या पोर्टमधून केली होती.

आकार सारखा म्हणजे माल सारखा, हा माझा समज त्या दिवशी गेला. तेव्हापासून कॉपी टेराकॉपी नावाच्या प्रोग्रॅमनं करते आणि त्यातलं व्हेरिफाय चालू ठेवते. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, कारण लिहिलेलं ते परत वाचून कार्डाशी ताडून बघतं. आणि घरात एक नियम झाला: गिऱ्हाइकाच्या हातात पेनड्राइव्ह पडेपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही. त्यासाठी दोन कार्डं जास्तीची घेतली.

कार्डच खराब असेल, किंवा गिऱ्हाइकानंच जुनी फाइल आणून दिली असेल, तर परत कॉपी करून भागत नाही. मग मी आधी एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाकते आणि काही न बदलता तिची एमकेव्ही ह्या प्रकारची फाइल करून घेते. यात चित्र नव्यानं दाबलं जात नाही, नुसतं जुन्या पोत्यातलं धान्य नव्या पोत्यात भरायचं. काही मिनिटांत होतं, आणि खोट पोत्याच्या शिवणीत असेल, म्हणजे फाइलची आतली मांडणी बिघडली असेल, तर तेवढ्यानं सुटते. दाण्यालाच कीड असेल तर नाही सुटत. मग रेंज लावून कीड लागलेल्या सेकंदांच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन तुकडे काढायचे. सेटिंग दोन्हींना अगदी तीच ठेवायची, आणि एमकेव्हीटूलनिक्समध्येच एकामागं एक जोडायचे. मधले पाच-दहा सेकंद जातात. ते गिऱ्हाइकाला आधी सांगून टाकावं, नंतर त्यानं विचारण्यापेक्षा.

जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइली असतील तर अजून एक बघा. मोठं शूटिंग कॅमेरा स्वतःच २ जीबीच्या तुकड्यांत लिहितो. सुटा तुकडा कन्व्हर्टला लावला तर सांध्यावर आवाज किंवा चित्र लंगडतं. आधी कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरनं ते तुकडे जोडून घ्या.

आणि शून्य टक्क्यावरच मरत असेल तर फाइलचं नाव बघा. "चि. सौ. कां. शुभविवाह – हळद (फायनल) (नवीन) २" अशी मराठीत लांबलचक नावं, तीही फोल्डरात फोल्डरात फोल्डर. काही जुन्या प्रोग्रॅमांना देवनागरी नाव वाचता येत नाही, आणि विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की अनेक प्रोग्रॅम अडतात. डी ड्राइव्हवर एक साधं फोल्डर करा, फाइलला इंग्रजी दोन अक्षरी नाव द्या, काम झाल्यावर पाहिजे ते नाव ठेवा.

दर वेळी वेगळ्या जागी

ह्या प्रकारानं मला जास्त रडवलंय. कन्व्हर्ट करताना प्रोसेसर दोन-तीन तास सलग शंभर टक्के पळतो. ट्रॅक्टर रिकामा रस्त्यानं नेणं आणि उसाची ट्रॉली लावून चढावर नेणं यात जेवढा फरक, तेवढाच यात. त्यामुळं एरवी झाकलेलं दुखणं इथं बाहेर येतं. "बाकी सगळं तर चालतंय की" असं लोक म्हणतात. बाकी सगळं म्हणजे रिकामा ट्रॅक्टर.

आधी विंडोजला विचारा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा आणि वहीत लिहिलेल्या वेळेच्या आसपासच्या लाल-पिवळ्या खुणा बघा. घड्याळातली वेळ लिहायला सांगते ती ह्यासाठी. कर्नेल-पॉवर ४१ दिसलं तर कॉम्प्युटर नीट बंद न होता एकदम गेला: बहुतेक वेळा लाइट, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा उष्णता. डिस्क ७ म्हणजे हार्डडिस्कवर खराब जागा सापडली, सगळं सोडून आधी बॅकअप घ्या. डिस्प्ले ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरनं उत्तर देणं सोडलं होतं. डब्ल्यूएचईए-लॉगर असं काही दिसलं तर दुखणं हार्डवेअरचं आहे. कॉम्प्युटर चालूच राहिला आणि प्रोग्रॅमची खिडकी तेवढी गेली असेल तर सिस्टिमच्या ऐवजी अ‍ॅप्लिकेशनच्या यादीत १००० नंबर शोधा, तिथं कुठल्या तुकड्यात पडलं त्याचं नाव असतं. हँडब्रेकचा स्वतःचा अ‍ॅक्टिव्हिटी लॉगही उघडा, अगदी तळाला जा. काम धड झालं असेल तर तिथं वर्क रिझल्ट शून्य अशी ओळ असते. ती ओळच नसेल तर प्रोग्रॅम मध्येच गेला. शून्याच्या जागी दुसरा आकडा असेल तर त्यानं स्वतः हार मानलीय आणि कारण वरच्या चार ओळींत असतं.

आता उष्णता. मे महिन्यात परभणीकडं पारा ४३-४४ ला जातो आणि आमची मिक्सिंगची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. त्यात मानवत म्हणजे जिनिंगचं गाव. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रुईची बारीक तुसं हवेत असतात. दोरीवरच्या कपड्यांवर बसतात तशी ती सीपीयूच्या पंख्यातही जातात. पहिल्यांदा मी हिटसिंकवरचा, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरचा, पंखा काढला तेव्हा खाली वाकळ अंथरल्यासारखा राखाडी थर होता, चिमटीनं धरून अख्खा उचलला. त्याखाली पितळेसारख्या पात्या आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं.

एचडब्ल्यूमॉनिटर नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. तो उघडून ठेवा आणि कन्व्हर्ट लावा. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आले की आपणहून वेग कमी करतात, आणि तरी थंड झालं नाही तर जीव वाचवायला बंद होतात. माझा पहिल्या दहा मिनिटांत ९७ ला जाऊन चिकटायचा. ८०-८५ च्या आत राहिला तर उष्णतेवरचा संशय सोडून द्या.

साफ करायचं तर वायर काढा, कॅबिनेट अंगणात न्या. ब्लोअर वीतभर लांबून धरा, आणि पंख्याच्या पात्यात काडी अडकवून तो फिरू देऊ नका. ब्लोअरच्या वाऱ्यानं गरगर फिरून पंखा खराब होतो, एक मी तसा घालवलाय. हिटसिंक उचललाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट पुसून नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त लावली म्हणजे जास्त थंड असं नसतं, लोणी नाही ते. आणि इंटेलच्या साध्या कूलरला चार कोपऱ्यांत चार काळे खुंटे असतात, चारही टकटक वाजून बसले पाहिजेत. मदरबोर्डाच्या मागून बघितलं की चारही टोकं सारखी बाहेर आलेली दिसतात. माझा एक खुंटा नुसता टेकलेला होता. साफसफाई करून, पेस्ट लावून ९७ चे ९४ झाले होते. तो एक खुंटा नीट बसवला आणि ७९ वर आलं.

सध्या उघडायला वेळच नाही, उद्या सकाळी पेनड्राइव्ह द्यायचाय, तर एक तात्पुरता उपाय आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. एका टक्क्यानं काय होणार असं वाटेल, पण ९९ केलं की बहुतेक मशीनांवर प्रोसेसरचा टर्बो वेगच बंद होतो आणि तापमान चांगलंच खाली येतं. काम थोडं उशिरा होतं, पण होतं. काही नव्या लॅपटॉपांत हे सेटिंग दिसत नाही. मग पहाटे चारला लावा, दुसरं काय.

उष्णता ठीक असेल तर लाइटकडं बघा. माझ्या वहीत एकदा असं दिसलं की रिस्टार्ट सगळे संध्याकाळी साडेसहा ते आठच्या मधले. टक्के वेगवेगळे, वेळ तीच. रब्बीचे दिवस होते, मोटारी चालू झाल्या की डीपीवर ताण यायचा आणि घरातल्या मल्टिमीटरवर १७० दिसायचे. स्टॅबिलायझर बसवला, तरी अधूनमधून होतच राहिलं. कारण निघालं इन्व्हर्टरमध्ये. इन्व्हर्टरला मागं किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, एकीकडं यूपीएस मोड, दुसरीकडं नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर जरा वेळ घेतो. ट्यूब, पंखे यांना ते कळतही नाही. कॉम्प्युटरचा एसएमपीएस मात्र पूर्ण लोडवर असताना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, स्वस्तातला असेल तर तेवढाही नाही. म्हणूनच तेच मशीन नुसतं टायपिंगला असताना लाइट जाऊनही चालू राहायचं आणि कन्व्हर्ट चालू असताना रिस्टार्ट व्हायचं. बटण सरकवलं, खर्च शून्य. तीन महिने मी मदरबोर्डाला शिव्या देत होते.

रॅमचं सांगायचं तर कॉम्प्युटर बंद करून रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी दात साध्या खोडरबरनं पुसा, टक आवाज येईपर्यंत परत बसवा. ह्याला हसू नका, निम्मं गाव ह्यावर चालतं. तरी बंद पडत असेल तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी एकेक पट्टी लावून परत तपासा, चोर पट्टी कोणती ते कळतं. दुकानदारानं बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं पळवायचं सेटिंग, चालू करून दिलं असेल तर तपासणीपुरतं बंद करा. रॅम कमी असेल तर मात्र वेगळं दिसतं: ४के व्हिडिओ एक्स२६५ ह्या एन्कोडरवर लावला, ८ जीबी रॅम, सी ड्राइव्ह लाल झालेला. विंडोज रॅम संपल्यावर सी ड्राइव्हवरची जागा वापरतं आणि तिथंही जागा नसेल तर प्रोग्रॅम पडतो. सी वर ३०-४० जीबी मोकळे ठेवा.

नवं, महागाचं मशीन असूनही कन्व्हर्टमध्येच पडत असेल तर एक विचारून घ्या, प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा आहे का? त्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होतात, हे कंपनीनं २०२४ साली मान्य केलं, बायोसमधून दुरुस्ती आणली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट करा. तरी थांबलं नाही तर प्रोसेसर वॉरंटीत द्या, सॉफ्टवेअरशी झटापट करू नका.

ग्राफिक्स कार्डानं कन्व्हर्ट करत असाल, म्हणजे व्हिडिओ एन्कोडरमध्ये एनव्हीएन्क किंवा क्यूएसव्ही निवडलं असेल, तर एकदा साध्या एक्स२६४ वर, म्हणजे नुसत्या प्रोसेसरवर, लावून बघा. हळू चालेल, पण शेवटपर्यंत गेलं तर दोष ड्रायव्हरकडं किंवा कार्डाकडं आहे. ड्रायव्हर नवा टाका, आणि नव्यानंच बिघडलं असेल तर मागचा टाका. ग्राफिक्स कार्डानं २ सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला हटकून परत चालू करतं आणि त्या धक्क्यात कन्व्हर्ट मरतं. बाजूला गेम किंवा दुसरं मिक्सिंग चालू असेल तर हे जास्त होतं. भाच्याला विचारा.

शेवटी येऊन मरतंय

९९ टक्क्यावर गेलं म्हणजे चित्र दाबून झालेलं असतं, फाइल बांधणं बाकी असतं. एमपी४ फाइलीत कुठं काय आहे त्याची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आधी काही झालं तर पावणेतीन जीबीची फाइल डिस्कवर दिसते, पण कुठंच उघडत नाही. म्हणून बेभरवशाच्या मशीनवर मी आधी एमकेव्ही करते. ती मध्ये तुटली तरी तुटली तिथपर्यंत चालते. पूर्ण झाल्यावर एमपी४ करून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

जागा बघा, आणि लिहायची परवानगीही बघा. विंडोजच्या सिक्युरिटीमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू असेल तर डॉक्युमेंट्स, व्हिडिओज ह्या फोल्डरांत तो अनोळखी प्रोग्रॅमला लिहूच देत नाही. बाहेरच्या हार्डडिस्कवर थेट कन्व्हर्ट टाकू नका, वायर हलली की गेलं. आधी आतल्या डिस्कवर, मग कॉपी.

इथंच क्रॅक केलेल्या कन्व्हर्टरचंही सांगून टाकते. वॉटरमार्क जावा म्हणून कुठून तरी आणलेला प्रोग्रॅम बंद पडला तर माझ्याकडं त्याला उत्तर नाही, तो मुळात धड आहे का हेच माहीत नाही. हँडब्रेकसुद्धा त्याच्या स्वतःच्या डॉट एफआर साइटवरूनच घ्या. २०१७ च्या मे महिन्यात त्याच्या एका डाउनलोड सर्व्हरवर चोरांनी मॅकची व्हायरसवाली फाइल चढवून ठेवली होती, काही दिवस कुणाला कळलं नाही. खुद्द त्यांच्याकडं हे झालं, तर गल्लीतल्या पेनड्राइव्हचं काय सांगावं.

आता तो फसवा प्रकार. ताडबोरगावकडचे एक मामा. घरी लेकीचं लग्न, त्यांना तीन तासांची एकच सलग फाइल पाहिजे होती, तुकडे नको. मी घाईत थेट त्यांच्या पेनड्राइव्हवरच कन्व्हर्ट लावलं. मेलं. परत लावलं, त्याच टक्क्यावर. तिसऱ्यांदाही तिथंच. माझ्याच नियमानं मी म्हटलं खोट फाइलीत, आणि विदाईच्या शॉटमध्ये चौकोन शोधत बसले. एकही नाही. रेंज लावून तुकडा काढला तर गुळगुळीत निघाला. तेव्हा कुठं अर्धवट पडलेल्या फाइलीच्या आकाराकडं नजर गेली: ४१,९४,३०४ केबी. म्हणजे बरोबर ४ जीबी.

पेनड्राइव्ह फॅट३२ ह्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. फॅट३२ वर एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांच्या वर जाऊच शकत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. म्हणून वहीत आता अजून एक रकाना आहे, मेलेल्या फाइलीचा आकार.

पेनड्राइव्ह एक्सफॅट ह्या नव्या पद्धतीनं फॉरमॅट करून देणं सोपं, तिथं ही अट नाही. पण मामांच्या टीव्हीला एक्सफॅट दिसेना, आणि मामांना टीव्हीवरच बघायचं होतं, सगळ्या भावकीसोबत. मग फाइलच ४ जीबीच्या आत बसवायची. त्यासाठी क्वालिटीचं सेटिंग सोडून अ‍ॅव्हरेज बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माल भरायचा तो आकडा, निवडायचा. तीन तासांना व्हिडिओ २,८०० आणि आवाज १६० केबीपीएस ठेवला तर फाइल जेमतेम ४ अब्ज बाइटांची होते, बसते. दोन तास दहा मिनिटांच्या कीर्तनाला ४,००० पर्यंत जाता येतं. दोन पास लावले तर तेवढ्याच आकारात चित्र जरा बरं दिसतं, म्हणून रात्री अकराला दोन पासवर लावलं, इन्व्हर्टरचं बटण एकदा बघितलं आणि झोपले. सकाळी लॉगच्या तळाला शून्य होतं.